पाऊणकीतून अडीच वजा

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी बायको मला म्हणाली, "चला, तिसऱ्या काढायला जाऊ."

तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, आणि त्या बाजारात कोळणीच्या टोपलीत असतात, एवढंच मला ठाऊक. आम्ही साताऱ्याकडचे, घाटावरचे. बोरीवलीला पश्चिमेला, खाडीच्या बाजूच्या बैठ्या चाळीत राहत होतो खरे, पण गोराईच्या जेटीवर मी कधी गेलो तर तरीत बसून पलीकडे जायला. तेही तरीचा काठ दोन्ही हातांनी धरून. पाण्याची मला भीती. आजही आहे.

"आत्ता? या उन्हात?"

"आज अष्टमी. बाराला सुकती."

सुकती म्हणजे ओहोटी. ही मालवणाकडची, समुद्राच्या अगदी काठावर वाढलेली. कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिथीची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती. त्यावर सहा तास गेले की सुकती. आई सांगायची." आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून दाखवला.

मी मनात म्हटलं, आठ पाऊण सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. खाडीवर जाऊन बघतो तर पाणी पार मध्यावर गेलेलं, दोन्ही काठांना काळा चिखल उघडा पडलेला, आणि ही साडीचा काचा मारून त्यात घोट्यापर्यंत उतरलीसुद्धा.

मी आठवीत शाळा सोडली. वडिलांची गिरणी सुटली आणि मी अंधेरीला फ्रिज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लागलो. शाळेतलं फारसं काही उरलं नाही. पण गावच्या गुरुजींनी पावकी, निमकी, पाऊणकी छडीच्या तालावर पाठ करून घेतली होती, ती तेवढी डोक्यात राहिली. बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. या पाऊणकीचा आयुष्यात काही उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशीपासून ही पेरं मोजायची, मी पाऊणकी म्हणायचो आणि दोघांचं उत्तर एक यायचं. लग्नात आमचं पहिलं एकमत झालं ते समुद्राच्या वेळेवर.

"घाटावरचे असून बरे आहात," ती म्हणाली होती.

ऐंशी सालानंतर मी मस्कतला गेलो. एका मोठ्या कंपनीत एसीचं काम. सुरुवातीला आठ माणसांच्या खोलीत राहिलो, मग फोरमन झालो, आणि फोरमनला कुटुंब आणायची परवानगी मिळते असं कळलं. आमचे सुपरवायझर केरळचे. त्यांनी माझे कागद स्वतः फिरवले, सही राहिली तर दोनदा परत गेले. त्यांचे उपकार मी विसरलो नाही. माझ्यासारख्या आठवी सोडलेल्या माणसाची बायकापोरं विमानातून उतरतात आणि मी त्यांना घ्यायला उभा आहे, हे मला त्या दिवशी विमानतळावर उभं राहूनही खरं वाटत नव्हतं.

ही उतरली. थोरली मुलगी आठ वर्षांची, धाकटा पाचाचा. आणि कस्टमवाल्याने ट्रंकेतून परकरात गुंडाळलेली कोयती बाहेर काढली.

वाटलं, संपलं, इथूनच परत पाठवणार. तो ती उलटसुलट करून बघत होता. ही शांतपणे म्हणाली, "फिश. फिश," आणि हाताने दगडावर काही तरी खरवडल्यासारखं करून दाखवलं. तो हसला आणि त्याने कोयती परत परकरात घातली.

"कोयती कशाला आणलीस?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"समुद्रकाठचा देश आहे म्हणालात ना?"

म्हणालो होतो. पण समुद्र दिसत नव्हता. आमची जागा तिसऱ्या मजल्यावर, आणि चारी बाजूंना काळे, उघडे डोंगर. झाड नाही, गवत नाही, जळलेल्या कढईच्या बुडासारखे डोंगर. समुद्र त्यांच्या पलीकडे. मी पहाटे जायचो तो दिवेलागणीला यायचो. पोरांना वर्षाच्या मधेच शाळेत घेईनात. बिल्डिंगमध्ये सगळी ऑफिसं, नाहीतर एकटे पुरुष. बोरीवलीच्या चाळीत हिला दुपारी तांदूळ निवडायला चार बायका शेजारी बसलेल्या लागायच्या. इथे तिने गॅलरी इतकी धुतली की फरशीचा रंग उतरला. संध्याकाळी मी दार उघडायच्या आत ती दार उघडायची. म्हणायची, "लिफ्टचा आवाज ऐकला. दिवसभर त्याचाच आवाज."

एक दिवस जेवण झाल्यावर तिने सरळ सांगून टाकलं.

"मे महिन्यापर्यंत बघते. जूनला शाळा सुरू होतील. तोवर जीव रमला तर राहू आम्ही. नाही तर पोरांना घेऊन जाते. तुमच्यावर राग नाही माझा."

"रमेल गं."

"बघू ना. मी कुठे नाही म्हणते?"

तेव्हापासून मी शुक्रवारची वाट बघायला लागलो. तिथे सुट्टी शुक्रवारी. सुपरवायझर कंपनीची पिकअप द्यायचे, पेट्रोल माझं. मला वाटायचं, दर शुक्रवारी काही तरी असं दाखवायचं की ती राहील. देवापुढे नैवेद्य ठेवावा तसे मी तिच्यापुढे डोंगर आणि समुद्र ठेवत गेलो.

पहिल्यांदा गेलो ते वादीत. तिकडे एरवी कोरड्या, मधे मधे डोह साचलेल्या नदीपात्राला वादी म्हणतात.

"वाडी? सावंतवाडीसारखी?"

"वाडी नाही, वादी."

"मग वाद कोणाशी घालायचा?"

गाडीतच हसलो आम्ही. मागे पोरं उभी, मी आरशात दोन डोकी मोजत चालवत होतो. दोन, दोन, परत दोन. वादीत वर डोंगरात पाऊस पडला तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो असं मी ऐकलं होतं. सगळे पाण्यात डुंबत होते आणि मी आभाळाकडे बघत दगडावर बसलो होतो. दगडी पाटातून थंड पाणी वाहत होतं, त्यात हिने कलिंगड सोडलं. धाकट्याने ते धरून ठेवायचं होतं. त्याने सोडलं. कलिंगड पाटातून निघालं ते सरळ खालच्या खजुराच्या बागेत, आणि मागून आम्ही चौघं धावतोय. बागेतल्या म्हाताऱ्याने ते अडवलं, कापलं, अर्धं आम्हाला दिलं आणि अर्धं स्वतः ठेवलं. थोरली म्हणाली, "बाबा, हा तर आपल्या चाळीतल्या मुकादमासारखा आहे." त्या दिवशी ही परत येताना गाडीत गात होती.

एकदा गाडी वाळूत रुतली. एकदा बकऱ्यांनी आमच्या तांदळाच्या भाकऱ्या कागदासकट खाल्ल्या. एकदा समुद्रकाठी स्टोव्ह पेटेना म्हणून अर्धवट शिजलेला भात खाल्ला आणि धाकट्याने तो भात आवडला असं जाहीर केलं. असे शुक्रवार चांगले जायचे. वाईट जायचा तो शनिवार. शनिवारी संध्याकाळी दार उघडल्यावर तिचं तोंड बघितलं की कळायचं, आदल्या दिवसाचं सगळं गॅलरीतल्या पाण्याबरोबर वाहून गेलंय.

मग मार्चमध्ये तिने तो खडक बघितला.

कोळ्यांच्या एका गावापलीकडे छोटा किनारा होता. किनाऱ्यापासून थोडा आत मोठा खडक, आपल्या चाळीच्या दोन खोल्यांएवढा. मधे वाळूची दांडी, तिच्यावर पोटरीएवढं पाणी खेळत होतं. आम्ही उशिरा पोचलो होतो, निघायची वेळ झाली होती. ही साडी धरून गुडघ्यापर्यंत आत गेली, खडकाकडे टक लावून बघितलं आणि वळली. तिचा चेहरा असा उजळलेला मी तिथे आल्यापासून बघितला नव्हता.

"अहो, कालवं आहेत. सगळा खडक भरलाय कालवांनी."

कालवं म्हणजे खडकाला चिकटलेली शिंपली, आतला गर काढून खायचा. परतीच्या वाटेवर ती फक्त कालवांबद्दल बोलली. कालवांचं सुकं, त्यात कोकम, वर ओलं खोबरं. आई खडकावर बसून कशी काढायची, हिला टोपली धरून कशी उभी करायची. बोलता बोलता मालवणीत शिरली, पोरं खुदखुदायला लागली तरी थांबली नाही. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, जमलं. आता राहते.

घरी आल्या आल्या तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. बोरीवलीहून येताना आणलेलं, तिथीवारांचं. तिथे ते बघायची फारशी गरज पडत नसे. शुक्रवारी कोणती पौर्णिमा येते ते तिने शोधलं.

"पौर्णिमेला पाणी सगळ्यात जास्त सुकतं. पंधरा पाऊण?"

"सव्वाअकरा."

"सव्वाअकराला भरती. म्हणजे सव्वापाच, साडेपाच धरा, पूर्ण सुकती. चारला खडकावर जायचं, पाणी अजून उतरत असेल. साडेसहाला निवांत परत. अंधाराच्या आत."

मला राहवेना. "पण इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. त्याचं काय?"

"चंद्र तोच ना?"

"तोच."

"सूर्य डोक्यावर येतो तेव्हा इथेपण बाराच वाजतात ना? मग घड्याळाशी समुद्राचं काय देणंघेणं? तुम्ही घाटावरचे, तुमका पाण्याचा काय कळता."

बोलणं बिनतोड होतं. माझं समाधान झालं. पाऊणकी मी लहानपणापासून म्हणत आलो होतो, ती कुठे चुकू शकते असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्या शुक्रवारी चार वाजता पोचलो तेव्हा दांडीवर जेमतेम घोटाभर पाणी होतं. ही हसली. "बघा. अजून दीड तास उतरायचंय." कोयती, अॅल्युमिनियमचं पातेलं, पोरांसाठी चिवडा, असं सगळं घेऊन पलीकडे गेलो. मी गाडीत नेहमी दोर ठेवायचो. तो घ्यावा असं वाटलं, पण ती हसेल म्हणून घेतला नाही.

तो तास मी आजही डोळ्यांपुढे आणतो. ही खडकावर उकिडवी बसलेली, पदर कमरेला खोचलेला. कोयतीचं टोक शिंपल्याच्या फटीत घालायचं, मनगट फिरवायचं, टक् असा आवाज, आणि गर पातेल्यात. टक्, टक्, टक्. थोरली शेजारी बसून शिकत होती. धाकटा खेकड्याशी भांडत होता. हिच्या गालावर पाण्याचे थेंब. मधेच मान वर करून म्हणाली, "मे महिन्यात आईला बोलावता येईल का हो इकडे? पंधरा दिवस?"

आईला बोलावायचं, म्हणजे ही जाणार नव्हती. मी "बघू, सुपरवायझरांना विचारतो" म्हणालो आणि पलीकडे तोंड फिरवलं, कारण माझे डोळे भरले होते.

तोंड फिरवलं म्हणून चपला दिसल्या. येताना मी त्या दांडीच्या मधोमध एका उंचशा दगडावर काढून ठेवल्या होत्या. आता त्यातली एक पाण्यावर तरंगत खडकाच्या दिशेने येत होती.

"अगं, पाणी चढतंय."

"साडेपाचपर्यंत चढायचं नाही. वाऱ्याची लाट असेल."

"दगड दिसत नाही तो."

"गप रवा ओ. काय होवचा नाय."

पाण्यातलं तिला कळतं, मला नाही. पण थोड्या वेळाने तीच उठली. ज्या कपारीत ती मघाशी पाय सोडून बसली होती तिथे पाणी आलं होतं. तिने दांडीकडे बघितलं, मग सूर्याकडे, मग अंगठा पेरांवर फिरवायला लागली. एकदा मोजलं. परत मोजलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. भीती नव्हती त्यावर. घरात वर्षानुवर्षं ठेवल्या जागी असलेली वस्तू हाताला लागली नाही म्हणजे माणूस कसा गोंधळतो, तसं होतं.

"चला," ती म्हणाली. "पातेलं राहू दे."

मी उतरून बघितलं. चार पावलं गेलो तर कमरेच्या वर पाणी, आणि बाजूने ओढत होतं. पाय वाळूवर ठरेनात. मला पोहता येत नाही. तिला येत होतं, पण दोन पोरांना घेऊन त्या ओढीत नाही. कसाबसा मागे फिरलो. चौघं खडकाच्या माथ्यावर चढून बसलो. भरती आली की हा माथा उघडा राहतो की नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मी दोघांचे हात इतके घट्ट धरले होते की धाकटा म्हणाला, "बाबा, हात दुखतो."

समोर सूर्य डोंगरामागे गेला आणि मागून समुद्रातून चंद्र वर आला, भला मोठा, पितळेच्या परातीसारखा. हिने त्याच्याकडे पाठ केली.

होडी दिसली ती थोरलीला. जाळं टाकायला निघालेली एकट्या माणसाची मोटरची होडी. ही उभी राहिली, पदर सोडला आणि दोन्ही हातांनी फडकवायला लागली. मी ओरडत होतो ते मराठीत, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तो वळला. होडी खडकाला लावली, आधी पोरांना उचलून घेतलं, मग हिला, मग मला. माझा पाय घसरला तेव्हा त्याने माझी कॉलर धरली, मांजराच्या पिल्लाला धरतात तशी.

तिकडच्या बऱ्याच कोळ्यांना मोडकंतोडकं हिंदी यायचं. "उधर क्या करता था?" त्याने विचारलं.

मी कालवांकडे बोट दाखवलं. हिने पातेलं शेवटी घेतलंच होतं. त्याने आत डोकावून तोंड वाकडं केलं. "ये खाता है?"

"हम बेट पे रहनेवाले थे," धाकटा म्हणाला. वादीत येणाऱ्या लोकांकडून त्याने एवढं हिंदी उचललं होतं.

तो माणूस मोठ्याने हसला. त्या हसण्याने मला सुटल्यासारखं झालं. मी त्याला सांगायला लागलो. चंद्राचा हिशोब केला होता, आमच्या गावाला असं नसतं, साडेपाचपर्यंत पाणी उतरायला हवं होतं. त्याने ऐकून घेतलं.

"हिसाब अच्छा है," तो म्हणाला. "मगर तुम्हारा गाव का है. हर किनारे का टाइम अलग. इधर पानी पहले आता है."

एवढंच. पौर्णिमा तीच, चंद्र तोच, पण प्रत्येक किनाऱ्याला पाणी आपापल्या वेळेला पोचतं. आम्ही साडेपाचची सुकती धरून बसलो होतो, ती तीनलाच होऊन गेली होती. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत. नाव विचारलं तर फक्त हात वर केला आणि होडी फिरवली. आमच्या चौघांचे जीव त्याच्याकडून उधार आहेत असं मी मानतो.

आम्ही गाडीत बसून निघालो. अर्ध्या वाटेवर थोरली सहज म्हणाली, "आईचं गणित चुकलं ना, बाबा?"

"गणित बरोबर होतं," मी म्हटलं.

बायको खिडकीबाहेर बघत होती. डोंगर चांदण्यात आणखी काळे दिसत होते. घरी आल्यावर तिने कालवं केली, कोकम घालून. चांगली झाली होती. पोरांनी खाल्ली, मी खाल्ली, तिने ताटात घेतली नाहीत. पोरं झोपल्यावर मी म्हटलं, "झालं ते झालं. सगळे सुखरूप आहोत. पुढच्या वेळी कोणाला तरी विचारून जाऊ."

ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मी शाळेत फार गेले नाही. तुम्ही निदान आठवीपर्यंत. मला आईने शिकवलेली एक गोष्ट येत होती. ती पण इथे चालत नाही."

मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि पुसलं.

त्यानंतरही आम्ही दोन-तीन शुक्रवार बाहेर गेलो. बागेत, किल्ल्यावर. समुद्राकडे गाडी वळवली की ती म्हणायची, "नको, पोरं दमलीत." मे महिन्यात ती पोरांना घेऊन गेली. विमानतळावर तिने मला पोळ्यांचा डबा दिला, जाणारी ती आणि डबा मला. "कोयती मोरीच्या फळीवर आहे," म्हणाली. "परत कस्टमवाल्याला कशाला दाखवू."

थोरलीला बोरीवलीच्या शाळेत घेतलं. पत्रात ती लिहायची की दुपारी चाळीत सगळ्याजणी ओट्यावर बसतात, पोरं रमली आहेत. माझ्यावर राग नाही, हे तिने आधीच सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. म्हणून मला जास्त एकटं वाटायचं. राग असता तर समजूत घालता आली असती.

मी परत माणसांच्या खोलीत राहायला गेलो. कोयती बरोबर नेली. कॅलेंडरही नेलं. शुक्रवारी बाकीचे झोपायचे किंवा पत्ते खेळायचे. मी टॅक्सीत वाटेकरी होऊन त्या किनाऱ्याला जायचो. पाण्यात उतरायचो नाही. वाळूत एक काठी रोवायची, घड्याळ बघत बसायचं, पाणी कधी वळतं ते बघायचं. पहिल्यांदा काहीच कळेना. कधी वारा, कधी मीच उशिरा पोचलेला. पण चतुर्थी, एकादशी, अमावास्या असे वेगवेगळे शुक्रवार येत गेले आणि हळूहळू उलगडलं. पाऊणकी खोटी नव्हती. तिच्यातून साधारण अडीच वजा केले की त्या किनाऱ्याची भरती निघत होती. ज्या दिवशी सलग तिसऱ्यांदा उत्तर जुळलं त्या दिवशी मी वाळूत बसून एकटाच हसलो. लांबून दोन कुत्री माझ्याकडे बघत होती.

चाळीच्या तोंडाशी वाण्याच्या दुकानात फोन होता. महिन्यातून एकदा मी तिथे लावायचो, दुकानातला पोऱ्या तिला बोलवायला पळायचा. त्या खेपेला मी तब्येतपाणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"ऐक. तुझ्या आईचा हिशोब इथेही चालतो. फक्त अडीच वजा करायचे. मी स्वतः बघितलंय."

पलीकडे दुकानात कोणी तरी पावशेर साखर मागत होतं. मी वाट बघत होतो. काय ऐकायचं होतं मला? मग येते परत, असंच. एवढ्यासाठीच तर मी इतके शुक्रवार काठी रोवून बसलो होतो.

"अडीच?" ती म्हणाली.

"अडीच."

"सगळ्या तिथींना?"

"थोडं मागेपुढे. पण अडीच."

मग म्हणाली, "येत्या शुक्रवारी षष्ठी. सहा पाऊण साडेचार. अडीच गेले, दोन. दोनला भरती म्हणजे सकाळी आठला सुकती." तिचा आवाज हळू झाला होता, मोजताना व्हायचा तसा. "लवकर उठून जा. कालवं काढलीत तर शिंपल्याची फट बघून कोयती घाला, जोर लावू नका, हात कापेल. आणि पाणी वळायच्या आत काठावर या."

मी "बरं" म्हणालो. ती येणार नाही, हे त्या "जा"मध्ये मला कळलं. ती तिथून माझ्याबरोबर येत होती, तेवढंच तिला येता येत होतं.

त्यानंतर मी आणखी बरीच वर्षं तिकडे काढली. प्रत्येक फोनच्या शेवटी ती येत्या शुक्रवारची सुकती सांगायची. मला ती आधीच माहीत असायची. तरी मी न चुकता विचारायचो, "या शुक्रवारी कितीला गं?" आणि दुकानातल्या गोंगाटात ती तिथे उभी राहून माझ्या किनाऱ्यासाठी पेरं मोजायची.

शुक्रवारी त्या वेळेला मी जाऊन बसायचो. पाणी मागे सरायचं, दांडी वर यायची, खडक पायाशी आल्यासारखा वाटायचा. कोयती पिशवीत असायची. खडकावर मात्र मी कधी गेलो नाही. तिने सांगितलेल्या वेळेला पाणी वळलं की पँटवरची वाळू झटकायचो आणि रस्त्याला लागायचो.